ताटावरचा निकाल

जेवणाला नावे ठेवू नयेत, हा आमच्या घरातील पहिला कायदा होता. आणि पुढे वकिली करू लागल्यावर असे ध्यानात आले की, विनाअपवाद अमलात येणारा तेवढाच एक कायदा आम्ही पाहिलेला आहे. आमटी अळणी झाली तर आजोबा मीठ मागत. "आमटी अळणी झाली आहे" असे मात्र म्हणत नसत. तैत्तिरीय उपनिषदाची भृगुवल्ली अन्नाची निंदा न करणे हे व्रत म्हणून सांगते, आणि मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही समोर आलेले अन्न दोष न काढता, आदराने सेवावे असा आदेश आहे. आजोबांनी हे आधार कधी काढून दाखविले नाहीत. ते मीठ मागत, एवढेच.

अशा घरात वाढलेल्या मनुष्याने महिन्यातून एकदा मित्रांसह बाहेर जेवावे आणि हात धुऊन होताच वहीत गुण मांडावयास बसावे, हा अधःपात खराच. परंतु आम्ही चौघे गेली काही वर्षे तो करीत आलो आहोत. आमच्यात एक तेलुगूचे शिक्षक आहेत, एक औषधांचे व्यापारी आहेत, आणि एका उर्दू दैनिकात आयुष्य घालविलेले एक वृद्ध कातिब आहेत. वहीत चार रकाने आहेत : चव, स्वच्छता, वाढप आणि मोल. प्रत्येकास पाच गुण, एकूण वीस. ही वही खाजगी असेपर्यंत आम्हांस तिच्यात काही गैर वाटले नव्हते.

उच्च न्यायालयाच्या 1920 साली खुल्या झालेल्या इमारतीतून निघून मुसी ओलांडली की अफझलगंज, आणि तेथून थोडे आत वळले की बेगम बाजार. निजाम अलीखान, म्हणजे दुसरा आसफजाह, याच्या हुम्दा बेगम या राणीने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव पडले. पुढे येथे मारवाडी, अग्रवाल, गुजराती पेढ्या आल्या. गोसावी सावकारांचे मठही येथेच होते. मठ आणि पेढी एकाच छपराखाली चालविणारा तो संन्यासी वर्ग स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आज पितळ-पोलादाची भांडी, सुका मेवा, मसाले, लग्नाचे सामान यांचा घाऊक बाजार म्हणून सारा तेलंगण या गल्ल्यांतून खरेदी करतो, आणि मराठवाड्याकडील व कर्नाटकाच्या सीमेवरील मंडळीही मुलीच्या लग्नाची भांडी घ्यावयास येतात. माशांचा मोठा बाजारही येथेच भरतो, हे आमच्या कोंकणी वाचकांच्या माहितीसाठी सांगतो. मात्र बांगड्याच्या आशेने आलेल्याने तळ्यातल्या माशांचा ढीग पाहून निराश होऊ नये.

हैदराबाद म्हटले की बिर्याणी, हे समीकरण इतके दृढ झाले आहे की 2019 साली युनेस्कोने या नगरास पाककलेचे सर्जनशील नगर म्हणून मान दिला तेव्हा वर्तमानपत्रांना दुसरे छायाचित्र सुचले नाही. त्या बिर्याणीत पडणारे मसाले ज्या बाजारातून जातात, तो बाजार दुपारी काय जेवतो हे पाहावे, म्हणून आम्ही येथे आलो. मारवाडी समाजात अशा भोजनालयास 'बासा' म्हणतात. आम्ही गेलो तो बासा एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिना अरुंद, टेबले सहा. भिंतीवर देवाची तसबीर आणि उधारी बंद असल्याची पाटी, दोन्ही सारख्याच धुरकटलेल्या.

जेवणाविषयी आधी सांगतो, कारण टीकाकाराचे पहिले कर्तव्य ते आहे. फुलका उत्तम. तव्यावरून निखाऱ्यावर, निखाऱ्यावरून तुपाच्या वाटीत आणि तेथून थेट ताटात, असा त्याचा प्रवास अर्ध्या मिनिटाचा होता. सातवा फुलकाही पहिल्याइतकाच हलका होता, हे आम्ही शपथेवर सांगू शकतो. मुगाची डाळ साधी, हिंगाची फोडणी नेमकी. कढीत मात्र एक गंमत होती. राजस्थानी कढीला मोहरी आणि कढीपत्त्याची चुरचुरीत फोडणी बसली होती, आणि ताटाच्या कडेला अंबाडीच्या पाल्याचे लोणचे होते. तो आचारी मारवाडातून आला असला तरी त्याची जीभ आता तेलंगणात राहावयास आली आहे, हे त्या दोन पदार्थांनी न विचारता सांगितले. कुठल्याही शुद्ध पाककृतीपेक्षा हा प्रकार आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. केरसांगरी आमचूर घालून इतकी आंबट केली होती की मूळ शेंगेची तुरट चव शोधून सापडेना. गट्टे थंड होते. भात शेवटी आला तो केवळ रिवाज म्हणून. भातावर श्रद्धा नसलेल्या माणसाने शिजविलेला भात लगेच ओळखू येतो, आणि आम्हां भातखाऊंना तो थोडा अपमानच वाटतो.

आणि जेवण मिळण्यापूर्वी आम्ही पंचवीस मिनिटे उभे होतो. आमच्या मागून आलेले दहा-बारा लोक आमच्या देखत बसले, जेवले आणि गेले. व्यापारी मित्राने तेथेच खिशातून मोबाइल काढला आणि पाचांपैकी तीन तारे देऊन खाली लिहिले : वाढप संथ, गिऱ्हाइकाची कदर नाही. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. वही प्रथमच जगजाहीर झाली.

पुढल्या महिन्यात वेलदोडे घेण्याच्या निमित्ताने पुन्हा त्या गल्लीत गेलो, तेव्हा गल्ल्यावरील तरुणाने आम्हांस ओळखले. तो रागावला नव्हता. तो म्हणाला, "साब, दो तारे कायकू काटे?" तीस वर्षांपूर्वीचा वादी असो की कालचा आरोपी, निकाल विरुद्ध गेलेला मनुष्य प्रथम हेच विचारतो. ज्या निकालात कारणे दिलेली नाहीत तो वरिष्ठ न्यायालयात टिकू नये, असे आम्ही आजवर कितीदा ओरडून सांगितले असेल! आता आमच्या तोंडून एक अक्षर निघेना. शेवटी आम्ही उशिराचे कारण पुढे केले. तेव्हा कळले की आमच्या आधी बसविलेले लोक हमाल आणि दुकानांतील नोकर होते. ते महिनेवारीने जेवतात, त्यांना जेवणासाठी अर्धा तास मिळतो, आणि दीड ते अडीच ही वेळ त्यांची असते. गिऱ्हाइकाची कदर तेथे होती. फक्त ते गिऱ्हाईक आम्ही नव्हतो.

मुंबईच्या गिरणगावातील खानावळींचा ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. खानावळ कामकऱ्याच्या घड्याळावर चालत असे. तिला हवा, दिवे, आसने यांचे गुण देणे म्हणजे एस. टी. स्टँडला उद्यानाचे निकष लावणे होय. माटुंग्याच्या रामा नायकांनी 1942 साली काढलेले श्रीकृष्ण बोर्डिंग आजही केळीच्या पानावर वाढते. तेथे रांगेत उभे राहिलेले किती लोक त्याबद्दल तारे कापत असतील?

आमच्या व्यवसायाच्या सवयीने मग कायदा उघडून पाहिला. मानहानीचे 1860 च्या दंडसंहितेतील कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आले आहे. जनतेच्या निर्णयासाठी ठेवलेल्या कृतीविषयी सद्भावनेने दिलेले मत मानहानी ठरत नाही, असा एक अपवाद त्यात पूर्वीपासून आहे. उदाहरणांत ग्रंथकार आहे, वक्ता आहे, नट आणि गायक आहेत, आचारी नाही. तथापि भेद मोठा मार्मिक आहे. पुस्तकावरून दिसते तेवढ्यापुरते लेखकाविषयी बोलता येते. लेखक मुळात दुराचारी आहे, मग पुस्तक असे असणारच, हे म्हणता येत नाही. हाच न्याय ताटाला लावा. "गट्टे थंड होते" हे मत त्या अपवादाच्या छायेत बसते. "कदर नाही" हा मालकाच्या मनाविषयी दिलेला निकाल होता, आणि त्याला पुरावा काही नव्हता.

फ्रान्समधील टायर बनविणाऱ्या मिशेलिन कंपनीने 1900 साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली, 1926 पासून तारे देण्यास सुरुवात केली आणि 1931 साली एक, दोन, तीन अशी पायरी ठरविली. त्यांचा निरीक्षक नाव न सांगता येतो आणि स्वतःचे बिल स्वतः भरतो. त्याचे तारे ताटातील पदार्थांपुरतेच असतात. गालिचे आणि झुंबरे यांचा त्यांत हिशेब नाही. इतकी शिस्त पाळूनही त्या ताऱ्यांवरून वाद होतात. आपल्याकडे तर ज्याच्या हाती मोबाइल तो न्यायाधीश. 2022 च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी मानक काढले, परंतु ते मुख्यतः खोट्या अभिप्रायांच्या बंदोबस्तासाठी. आमचा अभिप्राय खोटा नव्हता. तो अर्धवट होता, आणि त्यावर कोणते मानक चालणार?

वाचकांपैकी काही म्हणतील, म्हणूनच आजोबा बरोबर होते; देवस्थानच्या समाराधनेत कोणी गुण मांडत नाही. हे म्हणणे आम्ही अर्धेच मान्य करतो. एक तर हात धुताना "यंदा पायस पातळ झाले" ही कुजबुज प्रत्येक समाराधनेत आम्ही ऐकली आहे, कधी कधी केलीही आहे. दुसरे, ज्या पंगतीचा आपण अभिमान बाळगतो तिच्यात कोण कोठे बसेल आणि कोण बसणारच नाही, हे पूर्वी पान मांडण्यापूर्वी ठरत असे. तेथे अन्नाचा निकाल होत नव्हता, कारण माणसांचा निकाल आधीच लागलेला असे. जुन्या हॉटेलांवरही जातीच्या पाट्या होत्या. संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांचे दार धर्म, जात, लिंग यांच्या कारणाने कोणालाही बंद करता येणार नाही असे ठरविले. 1955 च्या अधिनियमाने अस्पृश्यतेच्या नावाखाली तसे करणे गुन्हा केला, आणि 1976 साली त्याच अधिनियमास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. आम्ही चौघे एका बाकावर बसून एकाच भांड्यातली कढी घेतो, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या घरात, नावे न ठेवण्याचा कायदा कितीही कडक असला तरी, शक्य नव्हती. म्हणून दान म्हणून आलेल्या अन्नाविषयी मौन आणि विकत घेतलेल्या अन्नाविषयी सकारण मत, अशी आम्ही आमच्यापुरती वाटणी केली आहे. यजमानाच्या घरी पुन्हा मीठ मागू. बाशात मात्र सांगू, पण गल्ल्यावर, तोंडावर, आणि आधी विचारून.

व्यापारी मित्राने तो अभिप्राय काढून टाकला. थोडी कुरकुर केली, कारण त्याच्या मते उन्हात उभे राहिलेल्या गिऱ्हाइकास निदान ताक तरी विचारावयास हवे होते; आणि हा मुद्दा आम्हांस आजही बिनतोड वाटतो. तरुणास आम्ही थंड गट्ट्यांविषयी सांगितले, केरसांगरीविषयीही सांगितले. गट्ट्यांचे त्याने मान्य केले. केरसांगरी त्याच्या आजीच्या पद्धतीची आहे, ती बदलणार नाही, असे तो म्हणाला.

या महिन्यात आम्ही पावणेतीनला गेलो. लगेच बसावयास मिळाले. गट्टे वाफाळलेले होते, भात होता तसाच, केरसांगरी आजीच्याच पद्धतीची. फुलके आम्ही मोजले नाहीत. वहीत तिघांच्या मते वीसपैकी सोळा गुण पडले. कातिबसाहेबांनी चौदाच दिले आणि कारण सांगण्यास साफ नकार दिला. त्यांचे भिन्नमत तसेच नोंदवून ठेवले आहे.