जाते, संग्रह आणि संगणक : ओवीच्या संहितेचा प्रश्न

मराठीतील लोकसाहित्याच्या अभ्यासाने ओवीकडे ‘साहित्य’ म्हणून बरेच पाहिले. ओवी संस्थेत आणण्याच्या क्रियेकडे मात्र त्याने फारसे लक्ष दिले नाही. संकलन हे अभ्यासापूर्वीचे, काहीसे हमालीचे काम असून खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो, असा अलिखित समज त्यामागे होता. ओव्या संगणकीय संग्रहात गेल्या आणि तेथून त्या कोणालाही वाचता-ऐकता येऊ लागल्या, तेव्हा हा समज टिकणे कठीण झाले. काय साठवायचे, कोणत्या एककात साठवायचे आणि कोणाच्या नावाने साठवायचे, हे संग्रहाच्या रचनेतच ठरलेले असते. म्हणजे ज्याला संकलन म्हटले जाते ती स्वतःच एक समीक्षात्मक कृती असते.

या दृष्टीने पाहण्याजोगे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्यातून उभे केलेले जात्यावरच्या ओव्यांचे संकलन. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम करीत असताना, विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, हे संकलन सुरू झाले आणि पुढे हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत या दोन्ही शास्त्रांचे जाणकार या कामात आले. ओव्यांची संगणकीय सूची तयार झाली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवां २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहाने (मराठीत ‘पारी’) २०१७ पासून या ओव्या मूळ मराठी पाठ, आवाज, भाषांतर आणि गायिकेचा परिचय यांसह प्रकाशित करण्यास आरंभ केला. एका चळवळीच्या गरजेतून जन्मलेली सामग्री अशा रीतीने सार्वजनिक वारशाच्या रूपात पुन्हा अवतरली. हे स्थानांतर केवळ माध्यमाचे नाही.

छापील परंपरेशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले तेव्हा ओव्यांची मांडणी माहेर, भाऊबहीण, मायलेकी अशा जिव्हाळ्याच्या नात्यांभोवती झाली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या खंडांतून केलेले काम व्याप्तीने मोठे आणि दृष्टीने अधिक मोकळे आहे. तरीही या सर्व प्रयत्नांत संपादकाचा एक अधिकार गृहीत असतो : अनेक रूपांतून एक निवडावे, ते नीटनेटके करावे आणि ‘महाराष्ट्रातील स्त्रियांचे’ म्हणून वाचकांपुढे ठेवावे. गायिका येथे समष्टीचे एक निनावी मुख असते. संपादकाचे नाव मुखपृष्ठावर आणि गायिकांचे झालेच तर प्रस्तावनेतील आभारात, ही ती सुपरिचित उतरंड.

पुण्यातच पाठाविषयीचा याच्या नेमका उलट टोकाचा आदर्शही घडला होता. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाठभेद टाकून देत नाही; पण ती त्यांना तळटीपेत ठेवते. वर सिद्ध संहिता, खाली तिची नाकारलेली भावंडे. हस्तलिखितांच्या परंपरेत या पद्धतीला भक्कम आधार आहे, कारण तेथे नकलेला मूळ असते. ओवीत असे मूळ शोधणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे होय. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात मौखिक महाकाव्याविषयी जे दाखवून दिले ते, आकाराचा फरक लक्षात घेऊनही, ओवीला लागू पडते : प्रत्येक गायन हेच मूळ असते आणि ‘पाठभेद’ ही संज्ञाच लेखनसंस्कृतीने मौखिकतेवर लादलेली आहे.

संगणकीय सूचीने या सिद्धांताला प्रथमच संस्थात्मक रूप दिले, हे तिचे खरे महत्त्व. एकच ओवी मावळातली, मराठवाड्यातली, सासुरवाशिणीच्या तोंडची आणि म्हातारीच्या तोंडची, शेजारी-शेजारी आणि समान दर्जाने नोंदली जाते. जागेची टंचाई हे छापील संपादकाचे जुने निमित्त येथे उरत नाही. कोणतेही रूप तळटीपेत ढकलले जात नाही, कारण तळटीपच नाही. ही लोकशाही आहे असे म्हणण्याचा मोह होतो आणि काही अंशी ते खरेही आहे.

परंतु सूचीला एकक लागते. येथे ते एकक दोन ओळींची ओवी हे आहे. जात्यावर मात्र ओवी कधी एकटी येत नाही. एक बाई ओळ उचलते, दुसरी ती धरते. ‘बाई’, ‘गं’ अशा पालुपदांनी ओळ मध्येच तोडली, ताणली, परतवली जाते. एका ओवीतला शब्द पुढच्या ओवीला वाट करून देतो आणि दळण संपेपर्यंत ही साखळी चालते. कागदावरच्या दोन ओळी आणि ध्वनिमुद्रणातील गायन एकत्र ऐकल्यास जाणवते, की पहिली ही दुसऱ्याची नक्कल नसून तिचा सांगाडा आहे. सूचीने पाठाची बहुविधता राखली, पण प्रयोगाची सलगता तिच्या मांडणीतून निसटली. ती सलगता आवाजाच्या फितीत शिल्लक आहे. शोधयंत्राला मात्र ती सापडत नाही, कारण शोधयंत्र शब्द शोधते, उसासा शोधत नाही.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. लाखभर ओव्या विषयांच्या उतरंडीत बसवल्याशिवाय हाताळता येणार नाहीत, हे उघड आहे. राईरकर आणि पॉइटवां यांची विषयरचना साने गुरुजींपेक्षा मूलतः वेगळी आहे. सीतेचा वनवास, बाईचा जन्म, कष्ट, जात, विठ्ठल यांना तीत स्वतंत्र स्थान मिळते आणि स्त्रीच्या तक्रारीकडे ती ‘भावना’ म्हणून न पाहता ‘जाणीव’ म्हणून पाहते. ही रचना त्या काळच्या संघटनात्मक आणि स्त्रीवादी विचाराची अपत्ये असल्याचे लपत नाही, आणि लपण्याचे कारणही नाही. प्रश्न इतकाच, की सीतेवरची ओवी गाणारी बाई त्याच श्वासात स्वतःच्या सासूविषयी बोलत असते, तेव्हा तिला कोणत्या खणात ठेवायचे? नोंदीला एक खण लागतो. ओवीचे सामर्थ्य दोन खणांच्या मधल्या भिंतीतून आरपार जाण्यात असते. संपादकाची निवड छापील पुस्तकात डोळ्यांना दिसते आणि तिच्याशी भांडता येते. संगणकीय संग्रहात ती मांडणीच्या तांत्रिक स्वरूपाआड जाते आणि वस्तुस्थितीच्या थाटात समोर येते.

गायिकेच्या नावाविषयी मात्र निःसंदिग्ध बोलता येते. परिचयात तिचे नाव, गाव, वाडी, वय, जात, मुले, व्यवसाय आणि मुद्रणाचा दिवस दिलेला असतो. अनेकींचे छायाचित्रही असते. समष्टीच्या निनावी मुखाला येथे चेहरा मिळाला. यावर असा आक्षेप घेता येईल, की ओवी कोणा एकीची नसते आणि नाव जोडल्याने मुद्रणसंस्कृतीतील ‘लेखक’ मागच्या दाराने आत येतो. आक्षेप तर्काला धरून असला तरी तो फार सोयीचा आहे. ज्यांच्या निनावीपणावर लोकसाहित्याची भव्य समष्टी उभारली गेली, त्यांना नाव मिळण्याची वेळ येताच कर्तृत्वाची संकल्पना कालबाह्य ठरावी, या योगायोगाकडे सिद्धांताच्या अभ्यासकांनी जरा संशयाने पाहिले पाहिजे.

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या ओव्या हे याचे उत्तम प्रमाण. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे भावासारखे, लेकासारखे, घरी येणाऱ्या पाहुण्यासारखे येतात. माहेरच्या माणसाच्या कौतुकाचा जुना साचा एका राजकीय आणि धार्मिक स्थित्यंतराला सामावून घेतो. ओवी म्हणजे लोपत चाललेल्या संथ कृषिजीवनाचा अवशेष, ही कल्पना यानंतर टिकत नाही. आणि नोंदीत जात आणि वस्ती यांचा उल्लेख नसता, तर हीच ओवी ‘महाराष्ट्रीय स्त्री’च्या मोघम नावाखाली विरून गेली असती. येथे नोंद हा ओवीच्या अर्थाचाच भाग आहे.

आता लोकसहभागाचा मुद्दा. हा शब्द शासकीय परिपत्रकांतून इतका फिरला आहे, की तो ऐकताच पाणलोटाचा बंधारा डोळ्यांपुढे यावा. देरिदा यांनी १९९५ च्या आपल्या विवेचनात संग्रहाच्या ग्रीक संज्ञेचे मूळ अधिकाऱ्याच्या घरात दाखवले आणि संग्रहात प्रवेश, त्याच्या घडणीत आणि अन्वयार्थात वाटा यांवर लोकशाहीची कसोटी ठेवली. या तिन्ही गोष्टी एक नव्हेत. ओव्यांच्या बाबतीत प्रवेश आता जवळजवळ खुला आहे. घडणीत गावोगावच्या कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. ओव्या गोळा करणारे पुष्कळसे त्याच जीवनातून आलेले होते. ‘पारी’च्या चमूनेही गायिकांना पुन्हा भेटून त्यांचे आवाज आणि चित्रफिती नव्याने नोंदल्या. विद्यापीठीय संकलनांना हे क्वचितच साधले आहे. तिसरी गोष्ट, अन्वयार्थातला वाटा, तेवढी अपुरी राहते. विषय कोणता, भाषांतर काय, कोणती ओवी आधी प्रकाशित करायची, हे गायिकेच्या पलीकडेच ठरते. तिच्या ओवीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या लिहिण्यावर तिने काही म्हटले, तर ते नोंदवायला जागा कोठे? जात्यासमोर बसलेली दुसरी बाई केवळ श्रोती नव्हती. ओवी पटली नाही तर ती पुढच्या ओवीत उत्तर देत असे. संगणकाचा वाचक संख्येने अफाट असूनही या अर्थाने मुका आहे.

भाषांतराविषयी एवढेच म्हणणे पुरेसे, की इंग्रजी पाठामुळे ओवीला मिळालेला वाचक बहुधा ओवीचा प्रसंग न पाहिलेला आहे, आणि मराठी शहरी वाचकही त्याला फारसा अपवाद नाही. विजेच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे दळण थांबले. ही मुक्तीच होती, तिच्यावर शहरी उसासे टाकण्यात अर्थ नाही. काही घरांत लग्नाची हळद दळण्यापुरते जाते अजून मांडले जाते. नित्याच्या श्रमातून निघालेला प्रकार आता विधीपुरता उरला आहे, आणि संग्रह नेमक्या याच क्षणी त्याचा वारसदार झाला आहे.

वारसदाराच्या हक्काचा प्रश्न कायद्यातही अर्धवट सुटलेला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्क आला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. म्हणजे १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या आवाजावर गायिकेचा काही हक्क कायदा मानतो. परंपरेने चालत आलेल्या ओवीच्या शब्दांवर मात्र तिचा वा तिच्या वस्तीचा तसा हक्क तो मानत नाही. आवाज तिचा, शब्द कोणाचेच नाहीत. ओवी गाताना ज्या बाईने चालत आलेल्या दोन ओळींत स्वतःच्या लेकीचे, गावाचे नाव घातले, तिची ती भर या दोहोंपैकी कोणत्या बाजूला धरायची, हे कायद्याने सांगितलेले नाही. संग्रहाच्या नोंदपत्रकातही त्यासाठी रकाना नाही.