‘मुक्त’ आणि ‘मोफत’ : व्हियानुएव्हा यांच्या पत्राचा परामर्श

शासनाने मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार करावा, या मताच्या पुरस्कारार्थ झालेले बरेचसे लेखन प्रचारी आहे. पेरूच्या काँग्रेसचे सदस्य एद्गार व्हियानुएव्हा यांनी ८ एप्रिल २००२ रोजी मायक्रोसॉफ्टच्या तेथील व्यवस्थापकांस लिहिलेले पत्र त्यास अपवाद होय. सरकारी कामकाजात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याविषयीच्या विधेयक क्रमांक १६०९ वर कंपनीने २१ मार्च रोजी आक्षेप कळविले होते. व्हियानुएव्हा एकेक आक्षेप उद्धृत करून त्याचे खंडन करतात. पूर्वपक्ष प्रतिपक्षाच्याच शब्दांत मांडण्याची ही सचोटी आपल्या शास्त्रकारांनाही नेहमी साधलेली नाही.

पत्राचे खरे बळ शब्दविवेकात आहे. इंग्रजी ‘फ्री’ या शब्दात दोन अर्थ मिसळतात. स्पॅनिशमध्ये ‘लिब्रे’ आणि ‘ग्रातिस’ वेगळे, जसे मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’. खर्च फारसा वाचणार नाही, हा कंपनीचा आक्षेप ‘मोफत’ या अर्थासच लागू पडतो. काटकसर हा विधेयकाचा मुख्य हेतूच नव्हे, असे व्हियानुएव्हा स्पष्ट सांगतात आणि तीन तत्त्वे पुढे ठेवतात : सार्वजनिक माहिती नागरिकास खुली असणे, ती चिरकाल टिकणे, आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता.

यांपैकी दुसऱ्या तत्त्वाचे महत्त्व मराठीच्या अभ्यासकास वेगळे पटवून द्यावे लागू नये. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे कितीतरी मराठी दस्तऐवज निरनिराळ्या विक्रेत्यांच्या खाजगी फॉन्ट-संकेतांत बांधलेले आहेत. तो फॉन्ट हाती नसला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. भाषिक संग्रह सिद्ध करू पाहणाऱ्यास व्याकरणाआधी संकेतांचीच उकल करावी लागते. आपल्याच भाषेतील मजकूर असा परका व्हावा, ही केवळ तांत्रिक गैरसोय म्हणता येणार नाही.

तथापि स्थित्यंतराचा खर्च एकदाच होतो, हे पत्रातील विधान घाईचे वाटते. म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये मुक्त प्रणालीचा निर्णय घेतला, २०१३ मध्ये स्थित्यंतर पुरे झाल्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचे ठरविले. राजकीय पाठबळ वारंवार मिळवावे लागते, याचा हिशेब पत्रात नाही. खुद्द पेरूतही २००५ च्या कायदा क्रमांक २८६१२ ने मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह सोडून तटस्थता स्वीकारली व खरेदीपूर्वी तांत्रिक अहवाल आवश्यक केला. दस्तऐवज वाचता येणे व न येणे यांत तटस्थ कसे राहावे, हे मात्र कळणे कठीण आहे.

भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणाने मुक्त स्रोतास अग्रक्रम दिला, परंतु निकड व तज्ज्ञांचा अभाव या कारणांस्तव अपवादांची मुभाही ठेविली. पैकी दुसऱ्या कारणास व्हियानुएव्हा यांच्या पत्रात उत्तर सापडते : परवान्यावर जाणारा पैसा सेवा व दुरुस्तीकडे वळला, की स्थानिक तंत्रज्ञ त्याच कामातून तयार होतात.