एकवीस ॲटोसेकंदांचा विलंब : एक परीक्षण

जंबुपार किरणांच्या आघाताने अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो तत्क्षणीच, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात असे. २०१० साली गार्शिंग येथील फेरेन्त्स क्राउस यांच्या गटाने या गृहीतास आव्हान दिले. सुमारे १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या स्पंदाने निऑनचे आयनीकरण केले असता २प कक्षेतील इलेक्ट्रॉन २स कक्षेतील इलेक्ट्रॉनाच्या मागून २१ ± ५ ॲटोसेकंदांनी निघतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा मापनांच्या साहाय्याने सिद्धान्तात सुधारणा होईल, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली.

घडले ते नेमके उलट. निरनिराळ्या पद्धतींनी केलेली गणिते या आकड्यापर्यंत पोहोचली नाहीत. सिद्धान्तात उणीव आहे, असा संशय बळावला. २०१७ साली लुंड येथील प्रयोगात कालाबरोबरच ऊर्जेचेही सूक्ष्म पृथक्करण साधले, तेव्हा निरीक्षण आणि गणित यांचा मेळ बसला. एक इलेक्ट्रॉन बाहेर पडताना दुसरा वरच्या कक्षेत उचलला जातो, या क्रियेतील इलेक्ट्रॉन २स इलेक्ट्रॉनांत मिसळले असावेत, हे पूर्वीच्या विसंगतीचे कारण म्हणून पुढे आले.

या दोन गटांच्या ऊर्जेत अंतर सुमारे ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे. गॉसीय स्पंदाचा कालावधी व ऊर्जाविस्तार यांचा गुणाकार १.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट-फेम्टोसेकंदांहून कमी होऊ शकत नाही. म्हणजे २०० ॲटोसेकंदांच्या स्पंदाचा ऊर्जाविस्तार किमान ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट झाला. काल जितका सूक्ष्म, तितकी ऊर्जा धूसर. यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयात असा लेसर नसेल. पण हे गणित तेथील फळ्यावरही मांडता येते.

याहून मूलभूत प्रश्न 'विलंब' या शब्दाचाच आहे. आयझेनबड (१९४८) व विग्नर (१९५५) यांच्या प्रकीर्णन-विचारानुसार विलंब म्हणजे ऊर्जेनुसार तरंगाची कला बदलण्याचा दर. प्रयोगात हाती येतो तो दोन कक्षांमधील फरक. त्यातही मापनासाठी वापरलेल्या अवरक्त क्षेत्राने घातलेली भर असते, आणि ती गणितानेच वजा करावी लागते. येथे घड्याळ स्वतःच घटनेत सहभागी आहे. म्हणूनच सिद्धान्ताकडे प्रयोगाचा अनुचर म्हणून पाहणे योग्य नव्हे. मद्रासच्या आय. आय. टी.तील प्र. चं. देशमुख व सहकाऱ्यांनी २०१४ साली, निष्क्रिय वायूंच्या अणूंत कूपर-न्यूनतमाजवळ सापेक्षतावादी परिणाम विलंबावर कसे उमटतात याचे जे विवेचन केले, त्याचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात येते.

२०१० च्या निबंधाचे श्रेय यामुळे उणावत नाही. तत्क्षणतेचे गृहीत त्याने कायमचे हलविले, आणि क्राउस, आगोस्तिनी व लुईलिये यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते ॲटोसेकंद स्पंदांच्या प्रायोगिक पद्धतींसाठी, एका आकड्यासाठी नव्हे. तथापि आकडा स्वीकारण्यापूर्वी मोजले गेलेले इलेक्ट्रॉन नेमके कोणते, ही पृच्छा अभ्यासकाने टाळता कामा नये.