तासिकांची टक्केवारी आणि अध्यापनाची मान्यता : महाविद्यालयीन शिक्षकाच्या मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

अध्यापन हे महाविद्यालयीन शिक्षकाचे प्रथम कर्तव्य होय, याविषयी दुमत नाही. आयोगांचे अहवाल, विद्यापीठांचे परिनियम आणि शिक्षकदिनाची भाषणे या सर्वांत हे विधान आढळते. मात्र या प्रथम कर्तव्याची व्यावसायिक मान्यता शिक्षकाला कोणत्या स्वरूपात मिळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० व २०१८ च्या विनियमांतील अध्यापनविषयक निकष आणि ब्रिटनमधील उच्च शिक्षणाची व्यावसायिक मानक-चौकट यांचे तौलनिक वाचन केले आहे. आपल्या व्यवस्थेत अध्यापनाची मोजणी होते, परंतु त्याचे वाचन होत नाही. आणि जे वाचले जात नाही त्याला मान्यता मिळू शकत नाही, अशी या लेखाची मांडणी आहे.

मान्यता म्हणजे काय? :

मान्यता ही पदोन्नतीहून व पुरस्काराहून भिन्न आहे. पदोन्नतीत सेवाकाल, पदवी आणि वेतनस्तर यांचा हिशेब असतो. पुरस्कार एकाला मिळतो आणि उरलेल्यांना मिळत नाही. त्याच व्यवसायातील जाणकारांनी पूर्वनिश्चित निकषांच्या आधारे एखाद्याचे प्रत्यक्ष काम पाहावे आणि ते व्यवसायाच्या दर्जाचे आहे की नाही हे कारणांसह सांगावे, याला व्यावसायिक मान्यता म्हणता येईल.

संशोधनाला ही सोय उपलब्ध आहे. शोधनिबंध परीक्षकांकडे जातो, त्यावर अभिप्राय येतो, दुरुस्त्या होतात आणि मग तो छापला जातो. अध्यापन मात्र वर्गाच्या दारातून आत जाते आणि घंटा झाली की संपते. ली शुलमन यांनी १९९३ मध्ये अध्यापन ही विद्वत्समुदायाची सामाईक मालमत्ता झाली पाहिजे, असा विचार मांडला. त्यापूर्वी १९९० मध्ये अर्नेस्ट बॉयर यांनी शोध, समन्वय, उपयोजन व अध्यापन अशा विद्वत्तेच्या चार शाखा कल्पिल्या होत्या. दोघांच्याही विचाराचा गाभा एकच आहे : अध्यापन हे केवळ वितरण नसून बौद्धिक निर्मिती आहे, म्हणून तिचे परीक्षणही बौद्धिक कसोट्यांवर झाले पाहिजे.

२०१० ते २०१८ : गुणांकनाकडून टक्केवारीकडे :

जून २०१० च्या विनियमांनी 'एपीआय' ही गुणांकन पद्धती आणली. तिच्या पहिल्या प्रवर्गात अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांसाठी कमाल १२५ गुण होते व वार्षिक किमान ७५ गुण आवश्यक होते. त्यातील ५० गुण व्याख्याने व अन्य संपर्क-तासिकांना, २० गुण अभ्यासक्रमानुसार अध्यापनाची तयारी व ज्ञानदान यांना, २० गुण सहभागात्मक व नवोपक्रमशील पद्धतींना आणि २५ गुण परीक्षाकार्याला होते. उर्वरित १० गुण निर्धारित भारापेक्षा अधिक तासिकांचे होते. हे गुण शिक्षक प्रथम स्वतःच स्वतःला देत असे आणि समिती त्यांची पडताळणी करीत असे. परिणामी प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रतींनी फाइली फुगल्या. या पद्धतीवर जी टीका झाली ती बव्हंशी न्याय्यच होती. तथापि एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे : विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणारे अध्यापन हे वेगळे कौशल्य आहे, याची निदान एक ओळ त्या तक्त्यात होती.

१८ जुलै २०१८ च्या विनियमांनी 'एपीआय' पद्धती मोडीत काढली. शिक्षकांनी त्याचे स्वागत केले व ते स्वाभाविक होते. नव्या तक्त्यात अध्यापनाचा निकष एका अपूर्णांकावर आला : नेमून दिलेल्या तासिकांपैकी प्रत्यक्ष घेतलेल्या तासिका. हे प्रमाण ८० टक्के वा अधिक असल्यास 'चांगले', ७० ते ८० च्या दरम्यान असल्यास 'समाधानकारक' आणि ७० हून कमी असल्यास 'असमाधानकारक'. दुसरा निकष उपक्रमांतील सहभागाचा. त्यात प्रशासकीय जबाबदाऱ्या, परीक्षाकार्य, राष्ट्रीय सेवा योजना, सांस्कृतिक व क्रीडा उपक्रम, करिअर समुपदेशन, चर्चासत्रांचे आयोजन, संशोधन प्रकल्प इत्यादींचा समावेश आहे. किमान तीन उपक्रम असतील तर 'चांगले'. फाइल हलकी झाली हे खरे. पण त्याबरोबर अध्यापनाचे वर्णन करणारी शेवटची ओळही गेली.

या अपूर्णांकाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अर्थशास्त्राचे दोन शिक्षक 'मागणीची लवचिकता' हा घटक शिकवीत आहेत असे समजू. पहिला शिक्षक व्याख्या सांगतो, सूत्र लिहितो, टिपणे उतरवून देतो. दुसऱ्याच्या वर्गात कांदा पिकविणाऱ्या कुटुंबांतील मुले आहेत. पीक उदंड आले की घरात पैसा कमी का येतो, असा प्रश्न तो आधी ठेवतो. मुलांकडून भाव व आवक यांचे आकडे मागवितो आणि अलवचिक मागणीची संकल्पना त्या आकड्यांतून त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. तक्त्याच्या दृष्टीने दोघांचीही एकेक तासिका झाली आहे. दुसऱ्या शिक्षकाला हा प्रश्न सुचण्यामागे विषयाचे ज्ञान आहे, विद्यार्थ्यांच्या जगाचे भान आहे आणि नेमके काय कळत नाही याचे निदान आहे. या तिन्ही गोष्टी अपूर्णांकात मावत नाहीत.

नवोपक्रमशील अध्यापनाला २०१८ च्या विनियमांत स्थान नाही असे मात्र नाही. अभिनव अध्यापन पद्धतीच्या विकासासाठी ५, नव्या अभ्यासक्रमाच्या रचनेसाठी प्रत्येकी २ आणि चार श्रेयांकांच्या संपूर्ण 'मूक' अभ्यासक्रमासाठी २० गुण आहेत. परंतु हे गुण ज्या तक्त्यात आहेत तो शैक्षणिक व संशोधन गुणांचा तक्ता आहे. भाषा व मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला त्याच तक्त्यात १० गुण आहेत. म्हणजे अध्यापनाचे मोल तेव्हाच होते, जेव्हा ते वर्गाबाहेर पडून उत्पादनाचे रूप घेते. एका शोधनिबंधाचे मोल पाच नव्या अभ्यासक्रमांच्या रचनेइतके धरले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रातील अभ्यासमंडळे ज्या प्रमाणात अभ्यासक्रम रचीत आली आहेत, ते पाहता हे गुणोत्तर विचार करावयास लावणारे आहे.

येथे आणखी एक विसंगती दिसते. 'नॅक'च्या २०१७ च्या सुधारित चौकटीत संलग्न महाविद्यालयांसाठी १००० पैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन या निकषाला होते. कोणत्याही निकषाहून अधिक. ज्या कामावर संस्थेची श्रेणी इतकी अवलंबून, तेच काम करणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला मात्र केवळ तासिकांची टक्केवारी येते.

पदवीची मान्यता आणि कामाची मान्यता :

वेतनस्तर १० वरून ११ वर जाण्यासाठी २०१८ च्या विनियमांत पीएच.डी. धारकास चार, एम.फिल. धारकास पाच आणि दोन्ही पदव्या नसलेल्यास सहा वर्षांची सेवा सांगितली आहे. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. अभ्यासक्रम बंद केला. पूर्वी प्रदान केलेल्या पदव्यांची वैधता मात्र राखली. प्रस्तुत लेखिका याच पदवीची धारक असल्याने या तरतुदीचा लाभ तिलाही आहे. परंतु त्यातून एक गोष्ट लक्षात येते. पदवी बंद झाली तरी तिची मान्यता टिकते, कारण ती कागदावर आहे. वर्गात दहा वर्षांत कमावलेले कौशल्य कागदावर नसते. म्हणून ते शिक्षकाबरोबर निवृत्त होते आणि त्याच्या जागी येणारा शिक्षक पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. मान्यतेच्या अभावाचे खरे नुकसान हे आहे. ते एका व्यक्तीच्या सन्मानापुरते नसून व्यवसायाच्या स्मृतीचे आहे.

ब्रिटनची चौकट : साम्य आणि सावधगिरी :

ब्रिटनमध्ये डिअरिंग समितीच्या १९९७ च्या अहवालानंतर उच्च शिक्षणातील अध्यापनाच्या व्यावसायिक मान्यतेची यंत्रणा उभी राहिली. तेथील व्यावसायिक मानक-चौकट २००६ मध्ये तयार झाली. २०११ व २०२३ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. हायर एज्युकेशन अकॅडमी व २०१८ पासून तिची उत्तराधिकारी 'अ‍ॅडव्हान्स एचई' ही संस्था या चौकटीनुसार सहयोगी फेलो, फेलो, वरिष्ठ फेलो आणि प्रधान फेलो अशी चार स्तरांची मान्यता देते. अध्ययनाचे नियोजन, अध्यापन, मूल्यमापन व प्रत्याभरण, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि स्वतःचा व्यावसायिक विकास ही कार्यक्षेत्रे. त्यांना आधारभूत ज्ञान. आणि व्यावसायिक मूल्ये अशी तिची तीन अंगे आहेत. आपण काय केले एवढेच सांगून अर्जदाराची सुटका होत नाही. तसे का केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले हेही त्याला दाखवावे लागते.

या चौकटीतील दोन बाबी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे तिच्या केंद्रस्थानी संख्या नसून निर्णय आहे. दुसरी म्हणजे अध्ययनाला आधार देणारे कर्मचारीही या मान्यतेस पात्र ठरू शकतात. आपल्याकडे ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांचे शैक्षणिक योगदान कोणत्या रकान्यात लिहावे हे कोणालाच सांगता येत नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षकांची स्थिती तर याहून बिकट आहे. अनेक महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार तेच वाहतात, पण पदोन्नती योजनेत त्यांना स्थानच नाही. त्यांच्या बाबतीत तासिका मोजणे हे मूल्यमापन नसून मानधनाचे देयक आहे.

तथापि ही चौकट जशीच्या तशी उचलणे हिताचे नाही. लिखित कथनावर आधारलेल्या मान्यतेत उत्तम शिकविणाऱ्यापेक्षा उत्तम लिहिणारा पुढे जाण्याचा धोका असतो. आपल्याकडे असे कथन इंग्रजीत मागितले गेले, तर मराठी माध्यमाच्या वर्गात आयुष्य घालविणारा शिक्षक पहिल्याच पायरीवर अडखळेल. शिवाय फेलोंची संख्या हीच संस्थेच्या प्रतिष्ठेची खूण ठरू लागली, तर मान्यता पुन्हा मोजणीकडेच वळते.

आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे सुचविली होती. त्यांत अभिनव अध्यापन व भारतीय भाषांतील अध्यापन यांचा समावेश होता. ही दिशा स्वागतार्ह आहे. पण 'अभिनव' कोणी व काय पाहून ठरवायचे याचे उत्तर मिळाले नाही, तर नऊ क्षेत्रे म्हणजे नऊ नवे रकाने होतील.

महाविद्यालय स्तरावरील शक्यता :

विनियम बदलण्याची वाट न पाहता एक छोटा प्रारंभ महाविद्यालयाला करता येईल. प्रत्येक शिक्षकाने वर्षातून एकदा, एकाच घटकावर, दोन पानांची अध्यापन-नोंद मराठीत लिहावी. विद्यार्थ्यांना काय कळत नव्हते, अध्यापनात कोणता बदल केला आणि त्याचा काय परिणाम दिसला, एवढेच तिच्यात असावे. सोबत नावे वगळून विद्यार्थ्यांच्या उत्तरांचे दोन-तीन नमुने जोडावेत. विषयातील एक व विषयाबाहेरील एक अशा दोन सहकाऱ्यांनी तासिकेस बसून, नोंद वाचून स्वाक्षरीसह अभिप्राय द्यावा. या नोंदीस गुण नसावेत. ती विभागात सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी. तासिका तत्त्वावरील शिक्षक व ग्रंथपाल यांनाही तिचा अधिकार असावा.

सहकारी एकमेकांची स्तुतीच करतील, हा आक्षेप यावर घेतला जाईल व तो निराधार नाही. महाविद्यालयातील ज्येष्ठ-कनिष्ठ संबंध, गट-तट आणि भिडस्तपणा आपण जाणतो. पण असाच आक्षेप संशोधनाच्या परीक्षणावरही आहे. बनावट नियतकालिकांच्या सुळसुळाटामुळे २०१८ च्या अखेरीस 'केअर' यादीची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंदही झाली. तेवढ्यावरून शोधनिबंधाचे परीक्षणच नको असे कोणी म्हटले नाही. पोकळ अभिप्राय स्वाक्षरीसह सर्वांच्या वाचनात आला, तर तो लिहिणाऱ्याचीही परीक्षा होते. गुण नसल्यामुळे फुगविण्याचा मोहही कमी राहतो.

निष्कर्ष :

१. २०१० च्या पद्धतीत अध्यापनाचे वर्णन होते, पण विश्वासार्ह परीक्षण नव्हते. २०१८ च्या पद्धतीत पडताळणी सोपी झाली, पण वर्णन उरले नाही.

२. नियमितपणे तासिका घेणे ही अध्यापनाची पूर्वअट आहे. तिलाच गुणवत्तेचा निकष मानल्याने चांगल्या व सामान्य अध्यापनातील भेद पुसला जातो.

३. ब्रिटनच्या चौकटीतून मान्यतेचे तत्त्व घेण्याजोगे आहे. तिचा अर्ज, भाषा व संख्याप्रेम नव्हे.

४. मान्यतेचा अधिकार अखेरीस समव्यवसायींचाच असतो. एकमेकांच्या वर्गात बसण्याची व एकमेकांचे अध्यापन वाचण्याची तयारी आपण दाखविली नाही, तर अध्यापनाचे मोल ठरविण्याचे काम हजेरीपटाकडेच राहील आणि त्याबद्दल केवळ आयोगाला दोष देता येणार नाही.