वैज्ञानिक मराठी लेखनातील वाक्यरचना : एक चिकित्सा

मराठीतील वैज्ञानिक लेखनाची चर्चा बहुधा परिभाषा आणि शुद्धलेखन या दोन प्रश्नांपाशी थांबते. परिभाषेसाठी कोश सिद्ध झाले. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. वाक्यरचना मात्र उपेक्षित राहिली. वस्तुतः वैज्ञानिक विधानाचा नेमका अर्थ तेथेच ठरतो.

‘विद्यार्थ्यांद्वारे द्रावण तापविण्यात आले’ ही रचना वस्तुनिष्ठतेची खूण मानली जाते. प्रत्यक्षात ती इंग्रजी वळणाची छाया आहे. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात प्रयोगांची चिकित्सा केली आहे. त्या दृष्टीने ‘विद्यार्थ्यांनी द्रावण तापविले’ हे वाक्य मुळातच कर्मणी आहे. त्यातील क्रियापद कर्माप्रमाणे चालते. कर्ता गौण असेल, तर ‘द्रावण तापविले’ एवढे पुरते.

दुसरा दोष षष्ठीच्या साखळीचा. ‘उष्णतेच्या वहनाच्या वेगाच्या मापनाच्या पद्धतीच्या अचूकतेचे परीक्षण केले’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, परंतु वाचकाला अर्थ उलट्या दिशेने उकलावा लागतो. ‘उष्णता किती वेगाने वाहते हे मोजण्याची पद्धत कितपत अचूक आहे, ते तपासले’ ही मराठीची स्वाभाविक मांडणी होय.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘खत दिल्यानंतर उत्पन्न वाढले’ हे निरीक्षण आहे. ‘खत दिल्यामुळे उत्पन्न वाढले’ हा निष्कर्ष आहे. तुलनेसाठी खत न दिलेला वाफा नसेल, तर दुसरे विधान करण्याचा अधिकार संशोधकाला पोहोचत नाही. ‘च’ या अव्ययाचेही तसेच. ‘याच तापमानाला स्फटिक बनतात’ आणि ‘या तापमानाला स्फटिकच बनतात’ या दोन विधानांना वेगवेगळे पुरावे लागतात.

सुबोधतेमुळे शास्त्रीयता उणावते, हा आक्षेप टिकणारा नाही. पुण्यातील ‘आयुका’चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘आकाशाशी जडले नाते’ या ग्रंथात खगोलशास्त्रासारखा विषय सामान्य वाचकासाठी मराठीत मांडला.

सारांश, ऱ्हस्व-दीर्घ तपासले म्हणजे भाषा तपासली, असे होत नाही. परीक्षकाने प्रत्येक वाक्याला विचारावे : हे निरीक्षण की निष्कर्ष? त्याचे उत्तर वाक्यातूनच मिळत नसेल, तर शोधनिबंध लेखकाकडे परत पाठविणे उचित ठरेल.