पुतळा आणि ग्रंथ : आबे फारिया यांच्या मनोविचाराचे परीक्षण

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पुरुष दोन्ही हात पुढे पसरून उभा असून त्या हातांखाली एक स्त्री भान हरपून मागे कलंडत आहे. हे शिल्प रामचंद्र पांडुरंग कामत यांचे. ते १९४५ साली उभारले गेले. पेडणे-डिचोलीहून कामानिमित्त राजधानीस जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले असेल. हे आबे फारिया, यांना मोहिनीविद्या अवगत होती, एवढी माहितीही बहुतेकांना असते. पुतळा पाहिला म्हणजे मनावर ठसा उमटतो तो एकच : त्या पसरलेल्या हातांतून काही अदृश्य शक्ती निघत आहे आणि तिने त्या स्त्रीचे मन जिंकून घेतले आहे.

शिल्प म्हणून त्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या मताचे खंडन करण्यासाठी फारियांनी आपला ग्रंथ लिहिला, नेमके तेच मत हे शिल्प पाहणाऱ्याच्या चित्तात रुजवीत असते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुतळा पाहिलेले हजारो आहेत. ग्रंथ उघडून पाहिलेला विरळा. म्हणून त्या ग्रंथाचा, आणि त्याच्या निमित्ताने मन म्हणून जी वस्तू आपण नित्य वागवितो तिचा, थोडा विचार येथे करावयाचा आहे.

जुझे कुश्तोद्यु द फारिया यांचा जन्म १७५६ साली बारदेसातील कांदोळी येथे झाला. वडील कोलवाळचे. कोलवाळ म्हणजे शापोरा नदीचा अलीकडचा काठ. पलीकडच्या काठावर पेडणे महाल सुरू होतो. १७७१ साली हा मुलगा वडिलांबरोबर लिस्बनला निघाला, त्या वेळी पेडणे व डिचोली हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. नदीच्या एका तीरावर देवळे मोडून दोन शतके लोटली होती, तर दुसऱ्या तीरावर तरंगे निघत होती, कौल लागत होते, अवसर येत होते. फारियांनी यांपैकी काही पाहिले होते की काय, हे सांगण्यास आधार नाही. एवढे मात्र खरे की, पुढे रोमला धर्मशास्त्राची पंडिताई मिळविलेल्या या ख्रिस्ती धर्मगुरूने १८१९ साली पॅरिसमध्ये आपला फ्रेंच ग्रंथ छापला, तेव्हा मुखपृष्ठावर आपल्या नावाशी ‘ब्राह्मण’ हे बिरुद आवर्जून लावले.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. लिस्बनच्या राजदरबारातील प्रार्थनामंदिरात प्रवचनास उभा राहिलेला हा तरुण समोरची थोर मंडळी पाहून गोठून गेला, शब्द फुटेना. तेव्हा खालून वडील हळूच कोंकणीत म्हणाले की, ही सगळी भाजी आहे, ‘कातर रे भाजी!’ आणि वाणी मोकळी झाली. कथा खरी असो वा रचलेली असो, तिच्यात ग्रंथाचे सार आलेले आहे. वडिलांनी मुलाला नवी शक्ती दिली नाही. सभेकडे पाहण्याची दृष्टी तेवढी पालटली. आणि ते काम लॅटिनने किंवा पोर्तुगीजने झाले नाही. जी भाषा मनाच्या तळाशी रुजलेली होती तिनेच ते केले.

ग्रंथाचे नाव मराठीत सांगावयाचे तर ‘जागृत निद्रेचे कारण, अथवा मनुष्यस्वभावाचा अभ्यास’ असे होईल. त्याचे मोल कळण्यासाठी आधीचा वाद ठाऊक असला पाहिजे. व्हिएन्नाहून पॅरिसला आलेल्या मेस्मर नावाच्या वैद्याने असे प्रतिपादन केले होते की, सर्व प्राणिमात्रांत चुंबकासारखा एक सूक्ष्म द्रव वाहतो आणि वैद्य आपल्या हातांनी तो रोग्याच्या देहात वळवू शकतो. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने याची चौकशी करण्यास मंडळ नेमले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिये यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. त्यांनी रोग्यांच्या नकळत प्रयोग केले आणि निर्णय दिला : असा द्रव नाही, जे घडते ते कल्पनेचे कार्य आहे. येथे मंडळाने वही मिटली. ‘कल्पना’ म्हटले की विषय संपला, असे त्यांना वाटले.

फारियांची बुद्धी येथून पुढे निघाली. द्रव नाही हे त्यांनाही मान्य होते. परंतु केवळ कल्पनेने माणसाला गाढ निद्रा येत असेल, वेदना नाहीशी होत असेल, तर ती कल्पना ही क्षुल्लक वस्तू नव्हे, तिचाच अभ्यास केला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १८१३ च्या ऑगस्टपासून पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. पद्धत अगदी साधी होती. माणसाला खुर्चीवर स्वस्थ बसवावे, डोळे मिटून निद्रेवर चित्त एकाग्र करावयास सांगावे, आणि मग ठाम स्वरात आज्ञा करावी : ‘झोपा!’ एवढ्याने न जमल्यास ते उघडा तळहात समोर धरून हळूहळू डोळ्यांजवळ आणीत. पण तो हात केवळ दृष्टी खिळविण्यापुरता. निद्रिताला पाणी देऊन हे मद्य आहे असे सांगितले की त्याला मद्याची चव लागे.

यावरून त्यांनी सिद्धान्त काढला तो असा : निद्रा आणणाऱ्याच्या अंगी काहीही विशेष नाही, जे काही आहे ते निद्रा घेणाऱ्याच्या मनात आहे. म्हणून कोणाच्या इच्छेविरुद्ध कोणी कोणाला निद्रित करू शकत नाही, आणि सर्वांना सारखी निद्रा येतही नाही. क्रियेला त्यांनी ‘एकाग्रता’ हे नाव दिले. आपल्या योगशास्त्रातील ‘धारणा’ हा शब्द वाचकांना येथे आठवेल. मात्र धारणेचे साध्य निराळे आणि या एकाग्रतेचे निराळे, हा भेद विसरू नये.

एखाद्या जादूगाराने भर सभेत ‘माझ्याजवळ जादू नाही’ असे सांगावे, तसा हा प्रकार होता. त्याचे फळ त्यांना मिळालेच. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडविणारे प्रहसन आले, लोक हसले आणि सभा ओस पडली. धर्मपीठातील मंडळींना त्यांच्या प्रयोगांत सैतान दिसे आणि मेस्मरपंथीयांना द्रोह दिसे. सप्टेंबर १८१९ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच, त्यांचा अंत झाला. संकल्पित चार खंडांपैकी पहिलाच काय तो जगाला मिळाला. पुढे १८४३ मध्ये ब्रेड या शल्यवैद्याने याच विषयाला नवे इंग्रजी नाव दिले. शतकाच्या अखेरीस नान्सी येथील बर्नहाइम यांनी ‘सूचना’ हेच सर्व चिकित्सेचे मूळ होय असे ठरविले आणि या मताचे पहिले श्रेय फारियांना दिले. त्या नान्सीला १८८९ साली फ्रॉइड शिकावयास गेले होते. सुप्त मनाच्या आधुनिक शास्त्राची एक वाट अशी कांदोळीपर्यंत मागे जाते.

आता दोषांकडे वळू. कारण केवळ आपल्या भूमीचा म्हणून ग्रंथ डोक्यावर घेणे हे परीक्षण नव्हे. पहिला दोष : काहींना निद्रा लवकर का येते, याचे कारण फारिया रक्ताच्या पातळपणात शोधतात. ही जुन्या वैद्यकाची कल्पना आज टिकत नाही. सूचना ग्रहण करण्याची पात्रता माणसामाणसांत भिन्न असते हे त्यांचे निरीक्षण मात्र खरे ठरले. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड येथे वाइत्झेनहोफर आणि हिल्गार्ड यांनी ती पात्रता मोजण्याची मापे तयार केली. दुसरा दोष : निद्रिताचा आत्मा देहबंधनातून सुटून दूरचे व पुढचे पाहू शकतो, असे ते मानतात. येथे प्रयोगकर्ता मागे पडला असून धर्मशास्त्रीच बोलत आहे. तिसरा दोष मांडणीचा. ग्रंथ पाल्हाळिक आहे, आणि प्रतिपक्षाला उत्तरे देण्यात पानेच्या पाने खर्ची पडली आहेत.

पण मूळ सिद्धान्त काळाच्या कसोटीस उतरला आहे. शस्त्रक्रियेने दात काढलेल्या रोग्यांना औषध म्हणून केवळ औषधाचा आभास दिला, तरी कित्येकांची वेदना कमी होते. आणि अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम मारणारे औषध दिले की तो आराम नाहीसा होतो, असे १९७८ मध्ये अमेरिकेत दिसून आले. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्य निर्माण करीत होते. १९९७ मध्ये कॅनडात रेनव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी संमोहित माणसांचे हात कढत पाण्यात ठेवविले. दाह कमी त्रासदायक वाटेल, अशी केवळ सूचना दिली असता मेंदूतील वेदनेच्या क्लेशाशी निगडित भागाचे काम पालटले. ‘नुसती कल्पना’ हा शब्दप्रयोग यापुढे जपून करावा लागेल.

आता नदी ओलांडून आपल्या तीरावर येऊ. आश्विन पौर्णिमेस पेडण्याची पुनव भरते. रवळनाथ-भूतनाथांची तरंगे नाचतात, एका रात्रीत देऊळ मागणाऱ्या भूतनाथाची समजूत काढली जाते, आणि ‘लागीर’ झालेली माणसे बरे वाटावे म्हणून तेथे आणली जातात. शिमग्याला डिचोली महालातील साळ गावी गडे रात्री भान हरपून धावतात. शिरगावच्या लईराईचे धोंड वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रतस्थ राहून होमखणातून चालत जातात. हे सारे फारियांच्या सूत्राने उलगडेल काय?

काही अंशी उलगडेल. ढोलाचा ठेका, उपवास, जागरण, धूपाचा वास, शेकडो डोळ्यांची अपेक्षा, यांनी चित्त एका बिंदूवर येते आणि नित्याचा ‘मी’ बाजूला सरतो. पण सर्वच गोष्टी मनाच्या खाती टाकणे हीदेखील अंधश्रद्धाच. निखाऱ्यावर पाय क्षणभरच टेकतो आणि निखारा उष्णता सावकाश देतो, या पदार्थधर्माचाही होमखणात वाटा आहे. मन निर्भय पाऊल टाकवते. पाय मनाने अदाह्य होत नाही.

आणि येथेच आपली देवळे फारियांच्या ग्रंथातील एक मोठी उणीव दाखवून देतात. त्यांच्या प्रयोगात खुर्ची, एक माणूस आणि एक आज्ञा एवढेच आहे. परंतु अवसर येणारा माणूस एकटा नसतो. तो केव्हा यावा, कोणाला यावा, कोणत्या स्वरात बोलावा आणि केव्हा उतरावा, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या ठरवीत आले आहे. परक्या गावचा माणूस तोच ढोल ऐकून कोरडा राहतो. सूचना देणारा कोणी एक नव्हे. अवघे गाव मिळून ती देते. फारियांनी शक्ती देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे आणली, हे त्यांचे कार्य. घेणाऱ्याचे मन त्याच्या समाजाने घडविलेले असते, हे त्यांना दिसले नाही.

कोणी म्हणेल, या विवेचनाने देवाला बाधा येते. आम्हांस तसे वाटत नाही. समर्थांनी मनालाच उद्देशून २०५ श्लोक रचले; मनाचा शोध हा आपल्या परंपरेत अधर्म कधीच नव्हता. बाधा येते ती दुसऱ्याच एका गोष्टीला, आणि ती यावी असेच आम्हांस वाटते. शक्ती घेणाऱ्याच्या मनात असेल, तर बोलणाऱ्याची जबाबदारी शतपट वाढते. अवसराच्या मुखातून ‘तुझे संकट टळले’ असे निघाले तर खचलेला माणूस उभा राहतो. ‘तुझ्या भावकीने तुझ्यावर केले आहे’ असे निघाले तर दोन घरे जन्मभर तुटतात. शब्द तोच, श्रद्धा तीच. एकदा अमृत, एकदा विष.

याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्याला गाव ‘लागीर’ म्हणते त्यात पुष्कळदा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात याविषयी मोठा समंजस भेद केलेला आहे. समाजाच्या धर्माचाराचा मान्य भाग म्हणून येणारी भानहरपलेली अवस्था हा आजार नव्हे; परंतु ती इच्छेविरुद्ध, वारंवार, विधीच्या बाहेर येऊ लागली आणि माणसाचे जगणे विस्कळीत करू लागली, तर तो आजार होय. पुनवेच्या रात्री आलेला आणि पहाटे उतरलेला अवसर वेगळा. आणि आठवडेच्या आठवडे न झोपणारी, घरच्यांना न ओळखणारी, कानात आवाज ऐकणारी सून वेगळी. पहिल्याला देऊळ पुरे. दुसरीला देऊळ पुरेल असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. देवाचा प्रसाद घ्यावा आणि वैद्याकडेही न्यावे. कौल लागेपर्यंत औषध थांबवू नये. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, त्या महाजनांनी व पुजाऱ्यांनी हे एकदा तोंडाने सांगितले, तर त्याचा जितका परिणाम होईल तितका शंभर व्याख्यानांनी होणार नाही. हेही फारियांच्याच सिद्धान्ताचे फळ.

पणजीच्या अल्तिन्यावर मनोरुग्णांचे जे इस्पितळ होते त्यालाही आबे फारिया यांचेच नाव होते. तीच परंपरा आज बांबोळीच्या मनोविकार संस्थेत चालू आहे. पुतळ्यापेक्षा हे स्मारक त्यांना अधिक साजते, असे आम्हांस वाटते. कारण तेथे हात पसरून कोणी कोणाला जिंकत नाही, तर हरपलेले भान ज्याचे त्याला परत मिळावे म्हणून साहाय्य करतो.

यापुढे मांडवीच्या काठाने जाताना वाचकांनी त्या पुतळ्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावे. पसरलेल्या हातांकडे नव्हे. त्या स्त्रीच्या मिटत चाललेल्या डोळ्यांकडे. ग्रंथकर्त्याला जे सांगावयाचे होते ते तेथे आहे.