परग्रहावरील नदी : एक कल्पना आणि तिची कसोटी

परग्रहावरील काल्पनिक नदीचा विचार वाङ्मयसमीक्षेने करावा काय, असा प्रश्न प्रारंभीच उपस्थित होण्यासारखा आहे. ज्या कादंबऱ्यांत अशा नद्या आढळतात त्यांची गणना बहुधा मनोरंजनपर वाङ्मयात होते, आणि त्यांविषयी लिहिताना दोनच गोष्टी विचारल्या जातात : त्यांतील विज्ञान बरोबर आहे की नाही, आणि कथानक वाचकाला खिळवून ठेवते की नाही. हे प्रश्न गैर आहेत असे नाही. परंतु त्यांच्या उत्तरांवरून कल्पनेच्या कसाविषयी फारसे काही हाती लागत नाही. डोंगर किंवा वाळवंट परग्रहावर नेऊन ठेवणे लेखकाला तितकेसे अवघड नसते. त्यांना नुसते असून भागते. नदीला वाहावे लागते, आणि ती वाहते याचा अर्थ ती कोठून तरी काही आणते व कोणाला तरी काही देते. हे देणेघेणे ज्या कादंबरीत कल्पिलेले नाही, तीत नदीचे नाव असले तरी नदी नाही, असे माझे मत आहे. इंग्रजी भाषेतील तीन कादंबरीकारांच्या आधारे ते तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

विज्ञानाच्या प्रश्नाचा निकाल आधीच लावलेला बरा. एडगर राइस बरोज याची ‘द गॉड्स ऑफ मार्स’ ही कादंबरी १९१३ साली मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील मंगळ हा सर्वस्वी पर्सिव्हल लोवेल या ज्योतिर्विदाचा मंगळ होय. समुद्र आटलेले, लोकसंख्या ओसरत चाललेली, ध्रुवांवरील बर्फाचे पाणी कालव्यांनी शेतांपर्यंत आणलेले, असे ते चित्र होते. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत कालव्यांचा मागमूस दिसला नाही. दिसली ती विवरे. त्यानंतर १९७१-७२ मध्ये मरिनर ९ ने त्याच ग्रहावर वाळून गेलेली नदीपात्रे दाखविली, आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्स हे यंत्रवाहन जेथे उतरले त्या जेझेरो विवरात तर प्राचीन नदीने गाळ आणून घडविलेला त्रिभुजप्रदेश आहे. म्हणजे १९६५ मध्ये खोटा ठरलेला कादंबरीकार सहा-सात वर्षांत निम्मा खरा ठरला काय? अशा जमाखर्चाने त्याच्या नदीचे मोल वाढतही नाही आणि घटतही नाही. काव्यात शक्य परंतु न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य परंतु पटणारी गोष्ट अधिक ग्राह्य, हे ॲरिस्टॉटलचे मत येथे आठवावे. नदी कशाने पटते, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

बरोजच्या नदीचे नाव इस्स. मंगळावरील माणसांचे आयुष्य हजार वर्षांचे मानलेले आहे. ते भरत आले म्हणजे, किंवा त्याआधीच जीवनाचा वीट आला म्हणजे, मनुष्य होडीत बसून या नदीच्या प्रवाहाबरोबर निघतो. नदी दक्षिण ध्रुवाकडे जाते. तेथे दोर नावाचे खोरे व कोरस नावाचा समुद्र आहे, आणि तेथेच शाश्वत सुखाची जागा आहे अशी सर्वांची श्रद्धा आहे. गेलेला परत येत नाही. दंतकथेप्रमाणे एकजण परत आला होता. त्याने तेथील भयानक हकीकत सांगताच पाखंडी म्हणून त्याचा वध करण्यात आला. आपल्याकडील वाचकाला येथे वैतरणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य वरवरचे आहे. वैतरणी ओलांडावयाची असते; इस्सच्या प्रवाहाबरोबर जावयाचे असते. नर्मदेची परिक्रमा करणारा जेथून निघाला तेथे परत येतो, आणि त्या परत येण्यातच परिक्रमेची सांगता असते. इस्सच्या यात्रेतून परतणे हेच पाप मानले गेले आहे. ज्या धर्माला यात्रेकरूच्या परतण्याची इतकी भीती वाटते त्याच्या मुळाशी काय असेल, हा संशय बरोज कोठेही उपदेश न करता वाचकाच्या मनात उत्पन्न करतो.

संशय खरा ठरतो. दोरचे खोरे दिसावयास अत्यंत रमणीय आहे : आखीव उद्यानासारखी हिरवळ, उंच वृक्ष, पलीकडे सोनेरी कडे. त्या हिरवळीवर चरत असतात ते वनस्पतिमानव. निळसर वर्णाचे, एकाच डोळ्याचे, लांब शेपटीचे हे प्राणी. त्यांची तोंडे तळहातांवर आहेत, आणि ती गवतावर फिरवीत ते चरतात. होड्यांतून यात्रेकरू उतरले की हेच शांत दिसणारे प्राणी त्यांच्यावर झेप घेतात व त्यांचे रक्त शोषून घेतात. उरलेले मांस पांढऱ्या वानरांच्या वाट्याला जाते. कड्यांतून हे सर्व पाहणारे थर्न हे त्या धर्माचे पुरोहित. वाचलेल्या यात्रेकरूंना ते गुलाम करतात, आणि नरमांस त्यांनाही वर्ज्य नाही. त्यांच्यावर पुन्हा काळ्या चाच्यांची धाड पडते. हे चाचे भूगर्भातील ओमियन समुद्राकाठी राहतात आणि इस्सस नावाच्या जिवंत देवीला भजतात. ही देवी म्हणजे एक जराजर्जर, क्रूर म्हातारी. थर्न जिची पूजा करतात ती हीच, आणि आपल्यावर धाड घालणारे तिचेच लोक आहेत याची मात्र त्यांना कल्पना नाही.

या रचनेतील खरा विशेष भीषणतेत आहे असे मला वाटत नाही. भीषणता बरोजच्या पानापानावर आहे आणि पुष्कळदा ती स्वस्त आहे. विशेष हा की या खोऱ्यातील जीवसृष्टी नदीच्या प्रवाहावर जगते. नाईलने गाळ आणावा आणि मिसरची शेती पिकावी, त्याप्रमाणे इस्स यात्रेकरू आणते आणि तिच्या मुखाशी असलेली सगळी साखळी पोसली जाते. ग्रहाच्या दुसऱ्या टोकाला कोणी भाविक आपल्या हजाराव्या वर्षी होडीत पाऊल ठेवतो, आणि त्याच्या श्रद्धेचे येथे अन्न होते. साखळीतील प्रत्येक पायरी खालच्या पायरीला फसविते आणि वरच्या पायरीकडून फसविली जाते. या एका कल्पनेत भूगोल, जीवशास्त्र व धर्मव्यवस्था अशी काही एकजीव झाली आहेत की त्यांतील एक काढले तर उरलेली दोन कोसळावीत. बरोजला हे पूर्णपणे उमगले होते काय, याविषयी मात्र मी साशंक आहे. थोड्याच प्रकरणांत तो तलवारींच्या खणखणाटाकडे व राजकन्येच्या सुटकेकडे वळतो. कातडीच्या रंगावरून जमातींची वाटणी करण्याची त्याची खोड आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही. शेवटी इस्ससचे भविष्य खोटे ठरताच तिचेच अनुयायी तिच्या चिंधड्या करतात. तेथे कादंबरीचा नायक जिंकतो. परंतु यात्रेकरू येणे थांबल्यावर त्या खोऱ्याचे काय झाले, वनस्पतिमानव पुन्हा निव्वळ गवतावर राहिले काय, या प्रश्नांत लेखकाला रस दिसत नाही. ज्याने अशी नदी कल्पिली त्याने तिला असे वाऱ्यावर सोडावे, हे मोठेच दुर्दैव.

फिलिप होझे फार्मर याचा प्रकार नेमका उलट आहे. ‘टू युवर स्कॅटर्ड बॉडीज गो’ (१९७१) आणि तिच्या पुढील भागांत नदीला कोठेही सोडलेले नाही. किंबहुना नदीवाचून त्या ग्रहावर दुसरे काही नाही. उत्तर ध्रुवावरील समुद्रातून निघून लक्षावधी मैल वळणे घेत ती त्याच समुद्राला परत मिळते, आणि तिच्या दोन्ही काठांवर आजवर होऊन गेलेली सारी मानवजात एके दिवशी जिवंत होऊन उठते. कल्पना भव्य आहे यात शंका नाही. नायक म्हणून रिचर्ड बर्टनची निवड तर फारच मार्मिक आहे. मुंबई लष्करात नोकरी केलेला, मराठीसह या देशातील कित्येक भाषा आत्मसात केलेला, गोव्यावर १८५१ साली पुस्तक लिहिणारा हा मनुष्य १८५८ मध्ये टांगानिका सरोवरापर्यंत पोहोचला, परंतु नाईलच्या उगमाचे श्रेय काही त्याला लाभले नाही. त्याला मरणोत्तर पुन्हा एका नदीच्या उगमाकडे धाडणे यात उपरोध आहे आणि करुणाही आहे.

परंतु या नदीकाठी पक्षी नाहीत, पशू नाहीत, कीटकही नाहीत. मासे व गांडुळे तेवढी आहेत. माणसांचे अन्न येते ते छत्रीच्या आकाराच्या दगडांतून. ठरावीक अंतरावर उभ्या असलेल्या या दगडांवर आपापले डबे ठेवले की दिवसातून तीन वेळा ते अन्नाने, तंबाखूने, मद्याने भरतात. कोणी नदीत बुडून मेला तर तो दुसऱ्या दिवशी काठावर अन्यत्र जिवंत होतो. बर्टनने तर या सोयीचा प्रवासासाठी उपयोग करून घेतला आहे. म्हणजे निदान पहिल्या भागांत ही नदी कोणाला पोसत नाही आणि कोणाला कायमचे मारीतही नाही. ती एक अतिशय लांब रस्ता आहे. फार्मरच्याच पुढील कथानकात याचा पुरावा मिळतो. एके समयी उजव्या काठावरचे दगड बंद पडतात; भुकेली माणसे नदी ओलांडून डाव्या काठावर तुटून पडतात आणि भयंकर संहार होतो. दगड थांबले आणि माणसे मेली. नदी पूर्वीसारखीच वाहत होती. तिच्या वाहण्याचा त्यांच्या जगण्याशी संबंध नव्हता, हे लेखकाने नकळत कबूल केले आहे. फार्मरचे सामर्थ्य माणसांच्या सरमिसळीत आहे, नदीत नाही.

सी. एस. लुइसची ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ (१९३८) कालक्रमाने या दोहोंच्या मध्ये येते. ती शेवटी घेण्याचे कारण एवढेच की तिच्यात नदीची कल्पना सर्वांत पूर्णत्वास गेली आहे. लुइसचा मंगळही कालव्यांचा आहे. प्रभावी दुर्बिणींनी कालव्यांचा भ्रम दूर केल्याचे त्याला ठाऊक होते. लोकमानसातील मंगळपुराणाचा ते भाग होते म्हणून आपण ते ठेवले, असे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. कथेचा नायक रॅन्सम हा भाषाशास्त्रज्ञ. प्रथम त्याला भूप्रदेशाचे आकलन होते ते दोन शब्दांच्या तुलनेतून : ‘हंद्रामित’ म्हणजे खोल, उबदार, पाण्याने भरलेल्या दऱ्या, आणि ‘हरंद्र’ म्हणजे वरचे थंड, प्राणवायुहीन पठार. दोन्ही शब्दांत भूमिवाचक धातू एकच आहे हे त्याच्या ध्यानात येते, आणि त्याबरोबर ग्रहाची घडणही ध्यानात येते. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रसंग विशेष आवडेल. या दऱ्या निसर्गनिर्मित नाहीत. एका प्राचीन आघाताने पृष्ठभाग गोठला तेव्हा उरलेले जीवन वाचविण्यासाठी त्या खोदल्या गेल्या. येथे पाणी थांबले तर जीवन थांबेल, यात वाचकाला संशय उरत नाही.

त्या पाण्यात ह्नाक्रा नावाचा हिंस्र जलचर आहे. काठावर राहणारे, काव्य रचणारे ह्रोसा त्याची शिकार करतात. पण त्याचा समूळ नाश व्हावा अशी त्यांची इच्छा नाही. हिओई नावाचा ह्रोसा रॅन्समला जे समजावतो त्याचा आशय असा की, ज्या डोहात मृत्यू वावरतो त्याचेच पाणी इतके गोड लागते. बरोजने मृत्यू नदीच्या मुखाशी लपवून ठेवला आणि त्यावर धर्म उभारला. लुइसने तो उघड्यावर, पिण्याच्या पाण्यात ठेवला, आणि म्हणून त्याच्या ह्रोसांना फसविणाऱ्या पुरोहिताची गरज पडली नाही. ह्नाक्रा मारल्याच्या आनंदक्षणीच हिओईला गोळी लागते, आणि ती पृथ्वीवरून आलेल्या माणसाने झाडलेली असते. या घटनेतील दुःख जितके संयमाने आले आहे तितके संयमाने बरोजला एक पानही लिहिता आले नसते.

तरीही एक उणीव नोंदविलीच पाहिजे. लुइसच्या ग्रहावर विचारी प्राण्यांच्या तीन जाती आहेत, पाणी अरुंद दऱ्यांपुरते आहे, आणि तरी त्या पाण्यावरून कोणाचे कोणाशी भांडण नाही. वरच्या अंगाला कोण राहतो व खालच्या अंगाला कोण, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. लुइसच्या धर्मविचाराशी हे सुसंगत आहे. त्याची सृष्टी अद्याप पतन न पावलेली आहे. परंतु ज्या प्रदेशात कृष्णेच्या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ साली लवाद नेमावा लागला, तेथील वाचकाला हंद्रामितचे ते नितळ पाणी पाहताना, इतके थोडे पाणी इतक्या जणांना पुरते कसे, असे विचारावेसे वाटते, आणि कादंबरीत त्याचे उत्तर नाही.